पोटाचा टीबी : गोळी उलटते म्हणून गोळी सोडू नका

सकाळी चुलीवर लसणाची फोडणी पडली की घरातल्या माणसांची भूक जागी होते. पण त्याच वासाने एखादे माणूस तोंडाला पदर लावून परसात पळते, कोरडे उमासे काढते आणि डोळे पुसत परत कामाला लागते. विचारले तर म्हणते, "काही नाही, जरा पित्त झालंय." असे एखादे माणूस तुमच्या वाड्यावस्तीवरही असेल, जरा आठवून बघा. चार दिवसांची मळमळ असेल तर ती आल्या-लिंबावर जाते. पण दोन-दोन, चार-चार महिने मळमळ हटत नाही, पोट दुखते, संध्याकाळी अंगात कसर येते आणि ब्लाउज, सदरा दिवसेंदिवस ढिला होत जातो, त्याला पित्त म्हणून चालायचे नाही.

टीबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे खोकणारा, बेडक्यात रक्त पडणारा माणूस उभा राहतो. हाच क्षयरोग आतड्याला होतो, पोटातल्या गाठींना होतो, पोटाच्या आतल्या पडद्यालाही होतो. अशा रोग्याला खोकला असतोच असे नाही, म्हणून टीबीची शंकाच कोणाला येत नाही. रोगी आधी बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेतो, मग बाहेरचे काही आहे का ते बघतो, मग सलाइन लावून घेतो. सलाइनने दोन दिवस तरतरी येते आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या फेऱ्यात सहा-आठ महिने सहज जातात. आपल्याकडे दुखणे अंगावर काढण्याची सवयच आहे, त्यात बाईमाणसाचे दुखणे असेल तर विचारूच नका.

आमच्याच घरातले सांगतो. २०१९ साली आमच्या थोरल्या वहिनींना हा आजार निघाला. त्याआधी आठ महिने मळमळ, जेवले की बेंबीभोवती कळ, आणि वजन ४६ किलोवरून ३७ वर. तालुक्याच्या एका दवाखान्यात पित्ताच्या गोळ्या आणि सुया चालू होत्या. शेवटी जिल्ह्याच्या ठिकाणी सोनोग्राफी केली तेव्हा पोटात पाणी आणि गाठी दिसल्या, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि निदान झाले. सरकारी गोळ्या सुरू झाल्या, फुकट. आम्ही सगळे निर्धास्त झालो. सातव्या आठवड्यात ताप परत आला. माझ्या आईने ज्वारीची कोठी झाडायला सरकवली तर तिच्यामागे कागदात गुंडाळलेल्या गोळ्या. मोजल्या तर अकरा दिवसांच्या. त्या वेळी गोळीच्या पाकिटावर गोळीखाली झाकलेला नंबर असायचा, गोळी काढली की त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. वहिनी रोज गोळी काढत होत्या, रोज कॉल देत होत्या आणि गोळी कोठीमागे टाकत होत्या. दप्तरात उपचार अगदी नियमित चालला होता.

त्यांना कोणी रागावले नाही असे नाही. पण त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, गोळी गिळली की दिवसभर पोटात ढवळतं. भाकरी थापू का परसात धावू?" या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते, कारण तोवर तो कोणी त्यांना विचारलाच नव्हता.

म्हणून आजचा हा लेख मळमळीवर. रोगावर औषध आहे, ते चांगले आहे आणि बहुतेक रोगी त्याने बरे होतात. माणूस अडतो तो मळमळीपाशी.

मळमळ कशाची, हे आधी ओळखा

या रोग्याला मळमळ दोन बाजूंनी येते. एक रोगाची. आतड्याला सूज असते, कुठे कुठे ते अरुंद झालेले असते, खाल्लेले पुढे सरकायला वेळ लागतो आणि पोट तडस लागल्यासारखे राहते. दुसरी औषधाची. टीबीच्या उपचारात पहिले दोन महिने चार औषधे एकत्र असतात, पुढचे चार महिने तीन. एकूण सहा महिने. पोटाच्या टीबीलाही साधारणपणे सहाच महिने पुरतात, असे २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत सांगितले आहे. कोणाला जास्त लागतील ते डॉक्टर ठरवतात. मळमळीचा जोर पहिल्या काही आठवड्यांत जास्त असतो. पायराझिनामाइड नावाचे औषध पोटाला विशेष जड जाते आणि ते दोन महिन्यांनी बंद होते. म्हणजे पहिले साठ दिवस ही खरी चढण आहे. रोग्याला हे पहिल्याच दिवशी सांगितले तर तो दिवस मोजून काढतो. सांगितले नाही तर त्याला वाटते, हे असेच जन्मभर चालणार.

तिसरी एक मळमळ आहे, ती मात्र धोक्याची. या औषधांनी काही जणांच्या यकृताला, म्हणजे लिव्हरला सूज येते. तेव्हा मळमळ वाढत जाते, अन्नावरची वासना पार उडते, उजव्या बरगडीखाली दुखते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रक्ताची तपासणी करून औषधे काही दिवस थांबवावी लागतात आणि मग एकेक करून पुन्हा सुरू करतात. हे डॉक्टरचे काम, आपले नव्हे.

इथे लोकांचा एक घोटाळा होतो, तो नीट समजून घ्या. रिफाम्पिसिन या औषधाने लघवी नारिंगी-लाल होते. घामाला, डोळ्यांतल्या पाण्यालाही तो रंग येतो. त्यात काहीही वाईट नाही. गोळी अंगात गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळ लोक ही लघवी बघून "कावीळ झाली" म्हणून गोळ्या बंद करतात आणि काविळीचे झाडपाल्याचे औषध घेतात. काविळीची खूण डोळ्यांत बघा. खालची पापणी ओढून उजेडात पांढरा भाग पाहायचा. तो पांढरा आहे आणि लघवी नारिंगी आहे, तर चिंता नको. तो पिवळा आहे, तर उशीर नको. आणि या सहा महिन्यांत कसलाही अनोळखी काढा, भस्म किंवा पुडी पोटात घालू नका, दारूचा तर थेंबही नको. यकृतावर आधीच ओझे आहे.

आणखी एक. रिफाम्पिसिनमुळे पाळणा लांबवण्याच्या गोळ्यांचा, माला-डी वगैरेंचा असर कमी होतो. तरण्या बाईला उपचारात मध्येच मळमळ सुरू झाली तर ती दिवस गेल्याचीही असू शकते. आशाताईंनी हे पहिल्याच भेटीत कानात सांगून ठेवावे आणि दुसरे साधन सुचवावे. हा विषय पुरुष कार्यकर्त्याकडून निघत नाही, निघाला तरी बाई उत्तर देत नाही.

घरात काय करता येते

गोळीची वेळ बदलून बघा. टीबीच्या गोळ्या उपाशीपोटी जास्त चांगल्या लागू पडतात, म्हणून सकाळी अनशापोटी घ्यायला सांगतात. ते बरोबरच आहे. पण उपाशीपोटी गोळी उलटत असेल तर ती थोड्या खाण्याबरोबर घेतलेली केव्हाही बरी. न घेतलेल्या गोळीचा गुण किती येणार? दोन घास मऊ भात, वाटीभर पेज, एवढ्यावर गोळी घ्यावी. तरीही दिवसभर ढवळत असेल तर डॉक्टरला विचारून ती रात्री झोपताना घ्यावी. मळमळीचा बराचसा वेळ झोपेत जातो. आमच्या वहिनींचे रक्त तपासले, यकृत ठीक निघाले, गोळ्या रात्री नऊवर नेल्या आणि त्याआधी अर्धा तास उलटीची गोळी दिली. आठवड्याभरात त्या म्हणाल्या, आता सोसवतं.

काही जण दोन गोळ्या सकाळी, उरलेल्या संध्याकाळी असे आपल्या मनाने वाटून घेतात. तसे करू नका. दिवसाच्या सगळ्या गोळ्या एका वेळी घ्यायच्या असतात, तरच रक्तात औषधाची मात्रा पुरेशी चढते. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दुसरा डोस मनाने गिळू नका. किती वेळाने उलटी झाली ते घड्याळात बघा आणि आरोग्यसेवकाला सांगा, तो विचारून सांगेल. छातीत जळजळते म्हणून पित्ताचे पांढरे पातळ औषध टीबीच्या गोळीबरोबरच घेऊ नका. त्याने आयसोनियाझिड अंगी लागत नाही. दोन्हींत दोन-तीन तासांचे अंतर ठेवा.

आता खाण्याचे. दोन वेळा ताटभर जेवण्याची आपली पद्धत या रोग्याला मानवत नाही. सहा वेळा थोडे थोडे द्यावे. पोट अगदी रिकामे राहिले तरी मळमळते आणि गच्च भरले तरी मळमळते. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, मूठभर साळीच्या लाह्या किंवा मुरमुरे चावून खावेत. मग मऊ भात आणि मेतकूट, मुगाचे पातळ वरण, नाचणीची गाळलेली आंबील, ताक, शिरा, उकडलेले अंडे. आमसुलाचे सार या रोग्याच्या तोंडाला फार चांगले. घशाशी आलेले खाली बसते. आल्याचा तुकडा चघळणे किंवा आल्याचा रस मधातून चाटणे हा आजीबाईचा बटवा खोटा नाही. गरोदरपणाच्या मळमळीवर आल्याचे रीतसर अभ्यास झाले आहेत आणि त्यात आल्याला गुण दिसला आहे. टीबीच्या मळमळीवर तितका अभ्यास झालेला नसला तरी करून बघण्यासारखे आहे. तिखट आणि तेलकट मात्र काही महिने बंद.

आतडे अरुंद झाल्याचे डॉक्टरने सांगितले असेल तर चोथ्याचे पदार्थ टाळावेत. मक्याचे कणीस, शेवग्याच्या शेंगा, संत्र्या-मोसंबीच्या फोडींच्या साली, कच्चा पाला, सालीसकट हरभरा हे त्या चिंचोळ्या जागी अडकते. एरवी आपण ज्याला पौष्टिक म्हणतो तेच इथे नडते. म्हणून भाकरीऐवजी काही दिवस भात आणि गाळलेली आंबील. यावर घरातले म्हातारे नाक मुरडतात, मुरडू द्या.

पाणी एकदम तांब्याने पिऊ नये. उलट्या होत असतील तर जलसंजीवनी करा : एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. दर दोन-तीन मिनिटांना एक चमचा. भांडे तोंडाला लावले की उलटून पडते, चमच्याने दिले की राहते. काम चिकाटीचे आहे, म्हणून ते घरातल्या शाळकरी पोराला नेमून द्यावे. पोरे असली कामे मनापासून करतात.

आणि वास. मळमळणाऱ्या माणसाला गरम अन्नाचा वास सोसत नाही, कोमट किंवा गार अन्नाला वास कमी येतो. फोडणीच्या वेळी रोग्याने परसात किंवा ओट्यावर मोकळ्या हवेत बसावे. पण रोगी हीच घरातली फोडणी घालणारी असेल तर? तिथेच सगळे अडते. दोन महिने चूल दुसऱ्या कोणीतरी बघायची, हे औषधाइतकेच जरुरीचे आहे. आमच्या दादांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या उन्हाळ्यात पिठले केले. कसे झाले होते ते विचारू नका, पण वहिनींची गोळी पोटात राहिली.

दोन साधे उपाय आणखी आहेत, त्यांना खर्च जवळजवळ नाही. मनगटाच्या घडीपासून आपलीच तीन बोटे आडवी ठेवून वर मोजावे आणि तिथे दोन शिरांच्या मधला भाग अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबून धरावा. ऑपरेशननंतरच्या मळमळीवर याचे पुष्कळ अभ्यास आहेत आणि थोडाफार आराम पडतो असे त्यांत दिसते. दुसरा, सुई देण्याआधी कातडी पुसतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या पट्टीचा. ती नाकाजवळ धरून हळूहळू खोल श्वास घेतल्याने मळमळ लवकर उतरते, असे २०१६ साली अमेरिकेत तातडीच्या विभागात आलेल्या रोग्यांवर केलेल्या अभ्यासात दिसले. हा उतार थोडा वेळच टिकतो. पण गोळी घेतल्यानंतरचा तो वाईट अर्धा तास निभावून नेता आला तरी पुष्कळ झाले. पट्टी फक्त हुंगायची. लहान मुलांच्या हाती आणि चुलीजवळ नको.

उलटीची गोळी दुकानातून आपल्या मनाने आणू नका. डॉमपेरिडोन हृदयाच्या रोग्याला आणि म्हाताऱ्याला विचारूनच द्यायची असते. मेटोक्लोप्रमाइडने काही तरुण मुलांची मान वाकडी होते, जीभ वळते. लोक घाबरून देवर्षाकडे धावतात. ओंडानसेट्रॉनने शौचाला घट्ट होते आणि अरुंद आतड्याला ते परवडत नाही. गोळी साधीच असली तरी कोणाला कोणती, हे ज्याने पोट तपासले त्याने ठरवावे. पोटदुखीवर वेदनाशामक गोळ्यांचा मारा करू नका. त्यांनी जठराला व्रण पडतात आणि मळमळ आणखी वाढते.

केव्हा थांबायचे नाही

पोट ढोलासारखे फुगले, कळा येऊन येऊन जातात, हिरवी-पिवळी उलटी होते, शौच आणि वारा दोन्ही बंद, तर आतड्याला अडथळा झाला असे समजा. तिथे आले-लिंबू नाही, पोट चोळणे नाही, एरंडेल तर मुळीच नाही. तोंडाने काही न देता १०८ ला फोन करून सर्जन असलेल्या रुग्णालयात न्यायचे. रात्र असली तरी. सकाळची एसटी बघू, असे म्हणायचे नाही. उलटीत रक्त, काळे डांबरासारखे शौच, डोळे पिवळे, किंवा रोगी बरळायला लागला, तरी तेच.

आणि दीर्घ मळमळ म्हणजे टीबीच, असेही नव्हे. पित्ताशयातले खडे, जठराचा व्रण, स्वादुपिंडाची सूज, कधी कधी कर्करोगही असाच सुरू होतो. निदान झाल्याशिवाय कोणाला टीबीची गोळी नको आणि निदान झाल्यावर कोणाची सुटायला नको.

गावाच्या कारभाऱ्यांसाठी

सरपंच, भाऊसाहेब, पोलीस पाटील, पुढचे तुमच्यासाठी. मार्च २०२३ पासून टीबीमुक्त पंचायतीचा उपक्रम आहे. पंचायतीला प्रमाणपत्र मिळते, गांधीजींची छोटी प्रतिमा मिळते. पहिल्या वर्षी कांस्य रंगाची, मग रौप्य, मग सुवर्ण. प्रतिमा कार्यालयात शोभून दिसते, पण ती मिळावी म्हणून रोगी लपवले जाऊ नयेत, एवढे सांभाळा. गावात किती जण गोळ्या घेतात हे आकड्यात बघण्याऐवजी, गोळी घेतल्यावर किती जणांना उलटी होते, हे आशाताईंना महिन्याला एकदा विचारा. आशाताई तपासायला येतात तेव्हा रोगी रिकामे पाकीट दाखवतो. पाकीट रिकामे असण्याचा अर्थ काय असू शकतो, ते वर कोठीच्या गोष्टीत सांगितलेच आहे.

निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांवर सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती महिना १००० रुपये झाली. सहा महिन्यांच्या उपचाराला तीन-तीन हजारांचे दोन हप्ते. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही हे मिळते, मात्र त्याची सरकारदरबारी नोंद हवी. घोडे अडते ते बँक खात्याशी आणि आधारच्या जोडणीशी. बाईचे स्वतःचे खाते नसते, असले तर वर्षानुवर्षे न वापरल्याने बंद पडलेले असते. हे काम पंचायतीने एका दिवसात करून द्यावे. १८०० ११ ६६६६ हा टीबीचा मोफत फोन आहे, तोही कार्यालयाच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

हे पैसे अन्नाला किती उपयोगी पडतात, त्याचा दाखला झारखंडात मिळाला. तिथे रोग्यांना महिन्याला दहा किलोची शिधा-पिशवी दिली. तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल. २०२३ साली त्या अभ्यासाचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ३७ किलोच्या बाईचे ५ टक्के म्हणजे दोन किलोसुद्धा नाहीत. तेवढे वजन वाढायचे तर पोटात गेलेले अन्न पोटात राहायला हवे, आणि त्यासाठीच मळमळीकडे बघायचे.

ताट-वाटी वेगळी ठेवण्याची रीत अजून आहे. नुसत्या पोटाचा टीबी खोकल्यासारखा हवेतून पसरत नाही. छातीचा फोटो काढून फुप्फुसात काही नाही ना, एवढे बघून घ्यावे, घरच्या माणसांचीही तपासणी करावी, आणि रोग्याला पंगतीत घ्यावे. एकटे बसून खाणाऱ्याला दोन घास कमीच जातात.

दूधवाल्या बंधूंसाठी शेवटचे. गाई-म्हशींचा टीबी न तापवलेल्या दुधातून माणसाच्या पोटात जाऊ शकतो. धारेखाली तांब्या धरून निरसे दूध पिण्यात मोठी ताकद आहे असे मानणारे आपल्याकडे कमी नाहीत. दूध उकळून प्या, पोरांनाही उकळूनच द्या. आणि गोठ्यातले एखादे जनावर खंगत चालले असेल, सारखे ढासत असेल, तर त्याला बाजारात उभे करण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.